शांततेचा पेपर आणि प्लायवूडची भिंत

निवृत्त माणसाला लोक हटकून विचारतात, "तुम्ही काय शिकवत होता?" गणित किंवा इतिहास म्हणणाऱ्यांची तिथेच सुटका होते. मी "शांतता आणि संघर्षनिराकरण" असं म्हणते आणि समोरच्याचा चेहरा कोरा होतो. आमच्या जयनगरच्या कोपऱ्यावरचा ऑटोवाला म्हणाला होता, "योगा का, मॅडम?" आणि शेजारच्या नव्या बिऱ्हाडातल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या घरात कधी भांडणंच होत नसतील!" माझे यजमान तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. ते इतक्या जोरात हसले, की बाईंना बाहेर ऐकू आलं. त्यावरून मग आमचं भांडण झालं.

खरं सांगायचं तर मी राज्यशास्त्राची. निपाणीत वाढले, धारवाडला शिकले, लग्नानंतर बेंगळूरला आले आणि इथल्याच एका कॉलेजात चिकटले. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हा नवा विषय सुरू करायचं ठरलं, त्या मीटिंगला मी नव्हते. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून पडले होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "हा विषय तुम्ही घ्या, असं सगळ्यांचं मत पडलं." माझा गाल सुजून टम्म झाला होता, जबडा हलत नव्हता. माझं गप्प बसणं त्यांनी होकार धरलं. गप्प बसल्याबद्दल शांततेचा विषय मिळालेली मी बहुधा एकटीच प्राध्यापिका असेन.

बाहेरच्यांना वाटतं, या विषयात आम्ही पोरांना गोड बोलायला शिकवतो. तसं नाही. भांडण वाईट असतं, असंही आम्ही शिकवत नाही. शिकवायचं ते एवढंच, की माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, त्यांत अंतर असतं. मधे बसणाऱ्यानं ते अंतर शोधायचं. तो न्यायाधीश नव्हे, तेव्हा कोण बरोबर हे त्यानं सांगायचं नाही. तो निरोप्याही नव्हे. एकानं विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, अगदी त्यानं भांडण मिटणार असलं तरी. ज्याचं गुपित त्याची परवानगी हवी. हा शेवटचा नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढत असे. त्या रेघांचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसले आहे.

विषयाला चाळीस मार्कांचं प्रात्यक्षिक होतं. दोघादोघांनी मिळून एक खरंखुरं भांडण शोधायचं, दोन्ही बाजूंच्या संमतीनं मधे बसायचं आणि काय झालं ते लिहायचं. मिटलंच पाहिजे, अशी अट नव्हती. बहुतेक पोरं होस्टेलच्या मेसचं नाहीतर आईवडिलांचं भांडण आणायची. त्या वर्षी चैत्रा आणि तन्मय या जोडीनं बेंगळूरच्याच शिवाजीनगरचे दोन भाऊ आणले.

चैत्रा इथलीच, कन्नड घरातली, कमी बोलणारी आणि सगळं वहीत टिपून घेणारी. तन्मय पुण्याचा. आईवडील दोघंही आयटीतले, घर व्हाइटफील्डला. तिथून कॉलेजला पोचेपर्यंत त्याचा अर्धा उत्साह ट्रॅफिक खात असे आणि उरलेला अर्धाही आम्हांला भारी पडे. चैत्राच्या आजीची शिलाई मशीन दुरुस्तीला टाकली होती, ती आणायला दोघं गेले आणि तिथे त्यांना हे भांडण सापडलं.

दुकान शिवाजीनगरच्या बाजारात, एका जुन्या इमारतीत खाली. बारा-तेरा फुटांचा गाळा, वडिलांनी भाड्यानं घेतलेला. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांचं घर, पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरला राहिलेलं, घरात मराठी बोलणारं. थोरले श्रीपतराव सहासष्टचे. पायडलच्या काळ्या जुन्या मशिनी त्यांच्याकडे. धाकटे दत्ताजी चोपन्नचे. मोटारीच्या आणि ओव्हरलॉकच्या मशिनी त्यांच्याकडे. अकरा वर्षांपूर्वी दत्ताजींनी गाळ्याच्या मधोमध प्लायवूड ठोकलं आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. वाटणी करताना एक घोळ झाला होता. पंखा थोरल्यांच्या बाजूला राहिला आणि त्याचं बटण धाकट्यांच्या बाजूला. त्यामुळे श्रीपतरावांना उकडलं, की ते गिऱ्हाइकाला सांगत, "स्वल्प पलीकडे जाऊन त्याला पंखा लावायला सांगा." दत्ताजी लावत. अकरा वर्षांत एकदाही नाही म्हणाले नव्हते. तन्मयनं हे सांगितलं तेव्हा मी वर्गात टाळी वाजवली. "हे भांडण सुटणार!" मी म्हणाले. "बटण दाबणारा माणूस अजून तुटलेला नाही."

घाईही होती. इमारत पाडून नवीन बांधायचं मालकांनी ठरवलं होतं. नव्या इमारतीत गाळा मिळणार होता, पण वडिलांच्या नावावर एकच, आणि त्यासाठी दोन्ही भावांनी एका कागदावर सह्या करून महिनाअखेर द्यायच्या होत्या. श्रीपतराव म्हणत, "आधी त्यानं माफी मागावी." दत्ताजी म्हणत, "कशाची ते आधी त्यानं सांगावं." आणि तो कागद प्लायवूडच्या फटीत खोचून ठेवला होता, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याच बाजूला आहे असं होऊ नये.

दोघांनी पोरांना संमती मात्र लगेच दिली. श्रीपतराव म्हणाले, "परीक्षा आहे ना पोरांची? सरी, ठीक आहे, बसू की."

पहिली बैठक कुणाच्याच जागेत नको, असा आमचा नियम. म्हणून पोरांनी जवळची एक दर्शिनी, म्हणजे इडली-डोशाचं हॉटेल, ठरवली. मी शिकवलं होतं, की भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवू नका, कोपऱ्यात काटकोनात बसवा, नजर आपोआप चुकते. दर्शिनीत बसायला खुर्च्याच नसतात, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. उभ्याउभ्या खायचं. आणि टेबलं गोल, त्यामुळे कोपराही नाही. दोन भाऊ, दोन पोरं आणि लांबून बघायला आलेली मी, असे आम्ही त्या टेबलांपाशी उभे राहिलो, आणि मागे डोशाच्या ऑर्डरी ओरडल्या जात होत्या.

तन्मयनं नियमांचा कागद लॅमिनेट करून आणला होता. तो मराठीत म्हणाला, "काका, सो बेसिकली आपण इथे एक सेफ स्पेस क्रिएट करतोय. कुणी कुणाला इंटरप्ट नाही करायचं."

श्रीपतराव चैत्राकडे वळले. "ह्याचं मराठी मला कळत नाही. इंग्लिशमध्ये सांग म्हणावं."

चैत्रानं कन्नडमध्ये समजावलं, की दोष द्यायचा नाही, वाक्याची सुरुवात 'मला' या शब्दानं करायची. 'तू राग आणतोस' असं नाही, 'मला राग येतो' असं म्हणायचं.

दत्ताजींनी मान डोलावली, इडली खाली ठेवली आणि भावाकडे न बघता स्वच्छ आवाजात म्हणाले, "मला वाटतं, हा हट्टी माणूस आहे."

"मला वाटतं," श्रीपतराव म्हणाले, "ह्याला हट्टी या शब्दाचा अर्थ माहीत नाही."

"मला वाटतं, ह्याला दुसऱ्याचं काही ऐकूच येत नाही!"

"मला वाटतं..."

तन्मय खूश झाला होता. माझ्याकडे बघून त्यानं अंगठासुद्धा दाखवला. दहा मिनिटं दोघं भाऊ 'मला' लावून एकमेकांचा उद्धार करत राहिले आणि शेजारच्या टेबलावरचे लोक आपली कॉफी घेऊन जवळ सरकले. शेवटी दोघंही चैत्राशीच बोलत होते. "सांग त्याला" आणि "सांग ह्याला." टेबल जेमतेम दोन फुटांचं.

अशा वेळी दोघांना वेगळं भेटायचं असतं. एकेकट्याशी बंद दाराआड बोलायचं, म्हणजे माणूस मोकळा होतो. पुढच्या आठवड्यात पोरं आधी दत्ताजींकडे गेली. ते बराच वेळ मोटारींबद्दल बोलले आणि मग चैत्रानं काही न विचारताच त्यांनी सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी ब्लाऊज शिवणाऱ्या एक बाई नवीकोरी मोटारीची मशीन घेऊन दुकानात आल्या होत्या. दत्ताजींनी हात पुढे केला. श्रीपतराव गिऱ्हाइकाला म्हणाले, "त्याच्याकडे नका देऊ. तो अजून शिकतोय."

"माझं वय तेव्हा त्रेचाळीस," दत्ताजी पोरांना म्हणाले. "माझी मुलगी दहावीला होती. बावीस वर्षं त्या दुकानात काम करत होतो मी. अजून शिकतोय?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्लायवूड आणलं. "हे त्याला सांगायचं नाही. त्याचं त्याला आठवलं पाहिजे."

मग पोरं श्रीपतरावांकडे गेली. त्यांना भांडणाचं कारण अगदी पक्कं ठाऊक होतं. रेडिओ. त्यांना कामाच्या वेळी जुनी गाणी मोठ्यानं लागत आणि दत्तूला ती सहन होत नसत, म्हणून त्यानं भिंत घातली. "मग मी रेडिओ बंद ठेवला," ते म्हणाले. "तीन महिने. वाटलं, बंद झालेला ऐकून काढेल प्लायवूड. नाही काढलं. मग पुन्हा लावला." आणि चष्मा पुसत म्हणाले, "मी रेडिओ बंद ठेवला होता, हे त्याला कळता कामा नये."

चैत्रा आणि तन्मयनं मला स्टाफरूममध्ये येऊन हे दोन्ही सांगितलं. शिक्षिका म्हणून मला कळवणं नियमात बसत होतं. दोन भावांची दोन गुपितं आमच्या हातात होती. एकेक वाक्य इकडचं तिकडे केलं असतं, तर प्रकरण पाच मिनिटांत पुढे सरकलं असतं. आणि नेमकं तेच करायचं नव्हतं.

"मॅम, जस्ट एक हिंट दिली तर?" तन्मय म्हणाला.

"अजिबात नाही," मी म्हणाले. "परवानगी मागा. दिली तर सांगा. नाही दिली तर पोटात ठेवा." आणि हवेत बोटानं दोन रेघासुद्धा ओढल्या.

चैत्रानं दोघांकडे तीनतीनदा परवानगी मागितली. दोघंही नाही म्हणाले. नाही म्हणण्यात मात्र भाऊ शोभत होते. महिना संपायला आठ दिवस राहिले, सहा राहिले. कागद फटीतच होता. चैत्राचं जेवण कमी झालं. तन्मयनं नियमांचा आणखी एक कागद लॅमिनेट केला.

आणि मग मी शिवाजीनगरला गेले.

का गेले, ते मी अनेकांना अनेक प्रकारे सांगितलं आहे. घरच्या मशीनचा टाका सुटत होता, हे खरं आहे. तो चार वर्षं सुटत होता, हेही खरं आहे. खरं कारण म्हणजे मला राहवत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना मधे कसं बसायचं ते शिकवलं होतं, स्वतः कधी बसले नव्हते. पोहण्याच्या तलावाच्या कडेला उभं राहून शिट्टी वाजवणाऱ्याला एक दिवस पाण्याचा मोह होतो, तसं झालं.

श्रीपतरावांनी माझी मशीन उघडली. "तेल कधी घातलं होतं, अक्का?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले. त्यांना ते मशीन बघून कळलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. शटल काढून ब्रशनं साफ करता करता ते आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "पाच दिवस राहिले. बापानं उभं केलेलं दुकान. एका रेडिओपायी जाणार."

"रेडिओपायी नाही हो!" मी म्हणाले.

बस्स, तिथेच थांबायला हवं होतं. पण तोंड उघडलं होतं. "रेडिओचा काय संबंध? तुम्ही बाईंसमोर त्यांना 'अजून शिकतोय' म्हणालात, ते लागलंय त्यांना. आणि तुम्ही तीन महिने रेडिओ बंद करून बसलात!"

एका दमात दोन्ही गुपितं. आणि श्रीपतरावांच्या हातातला ब्रश थांबला तेव्हा मला कळलं, की पलीकडचा मोटारीचा आवाजही थांबलाय. प्लायवूड तीन-चार मिलिमीटरचं होतं. त्यातून खोकलासुद्धा ऐकू जात असे.

मग पलीकडची खुर्ची सरकली आणि दत्ताजी बाहेरून येऊन थोरल्यांच्या दारात उभे राहिले. आत पाऊल टाकलं नाही. भावाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघून अगदी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, पोरं तुमच्याकडे शिकायला येतात?"

"हो," मी म्हणाले.

"फी भरून?"

ते परत गेले आणि शटर खाली ओढल्याचा आवाज आला. श्रीपतरावांनी माझी मशीन तशीच उघडी ठेवली, हत्यारांचा डबा झाकला आणि म्हणाले, "आज नको, अक्का. हात चालत नाही." मी बाहेर आले तेव्हा त्यांनीही शटर ओढलं. ऐन धंद्याच्या वेळी, सकाळी अकरा वाजता दोन्ही बाजू बंद. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं, असं समोरचा लेसवाला मला आपणहून सांगायला आला.

दुसऱ्या दिवशी चैत्रा आणि तन्मय स्टाफरूमच्या दारात उभे. चैत्राच्या हातात वही, तन्मयच्या हातात लॅमिनेट केलेला कागद.

"मॅडम, आम्हांला तुमच्याबरोबर बसायचं आहे," चैत्रा म्हणाली.

"बसा की."

"तसं नाही. रीतसर."

आणि माझ्याच विद्यार्थ्यांनी मला रीतसर बसवलं. काटकोनात. दार लावून. तन्मय त्या दिवशी एकही इंग्रजी शब्द न वापरता बोलला, त्यावरूनच मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. "मला खूप वाईट वाटलं," तो म्हणाला. "आम्ही त्या दोघांना शब्द दिला होता. तो तुमच्या सांगण्यावरून दिला होता. आता त्यांना वाटतंय, आम्ही खोटं बोललो."

चैत्राचे डोळे भरले होते आणि ती वहीत बघत होती. तिनं तीन आठवडे जे पोटात ठेवलं होतं, ते मी एका सकाळी सांडलं होतं.

मी माफी मागायला लागले. "माझं चुकलं, पण मला वाटलं वेळ थोडा आहे, पण अर्थात मी तसं करायला नको होतं, पण तुम्हीही बघत होतात की..."

"तीन झाले, मॅडम," चैत्रा म्हणाली.

"काय तीन?"

"पण. तुम्हीच शिकवलंय. माफीत 'पण' आला, की आधीचं पुसलं जातं."

सगळ्या नोकरीत मला असं कुणी पकडलं नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी वाक्य फार छोटं झालं. माझं चुकलं. एवढंच उरलं. ते म्हणायला जितकं जड गेलं, तितकं आजवर शिकवताना कधीच वाटलं नव्हतं.

"आता त्यांनाही जाऊन असंच सांगायचं," चैत्रानं ठरवून टाकलं. मी मान डोलावली. त्या खोलीत मॅडम कोण होत्या, याबद्दल शंका नव्हती.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. दोन्ही शटरं उघडी होती, पण रेडिओही नव्हता आणि मोटारही नव्हती. आधी दत्ताजींच्या बाजूला गेलो. मी म्हणाले, "तुम्ही विश्वासानं सांगितलेलं मी फोडलं. या पोरांचा त्यात काही दोष नाही. माझं चुकलं." 'पण' जिभेवर आला होता, तो गिळला.

दत्ताजींनी मला बसायला स्टूल दिलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत. "बरं झालं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही," एवढंच म्हणाले. मला ते पुरलं.

तेवढ्यात दारात सावली पडली. श्रीपतराव. पलीकडून आमचं सगळं ऐकू आलं असणारच. अकरा वर्षांत ते पहिल्यांदा त्या बाजूला आले होते. त्यांनी आत येऊन आधी भिंती बघितल्या, मग छत बघितलं. मग थेट भावाशी अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलले.

"इथे अंधार आहे."

"अकरा वर्षं आहे," दत्ताजी म्हणाले.

"मग सांगायचं नाही?"

"कुणाला?"

श्रीपतराव मशिनीच्या टेबलावर हात ठेवून म्हणाले, "मी तसं म्हणालो असेन. मला आठवत नाही, पण..."

"'पण' नको, अंकल," चैत्रा हळूच म्हणाली.

श्रीपतरावांनी तिच्याकडे पाहिलं. मग भावाकडे वळून म्हणाले, "म्हणालो असेन. चुकलो, दत्तू."

दत्ताजी खाली बघून एक स्क्रू घट्ट करू लागले. तो आधीच घट्ट होता. मग म्हणाले, "रेडिओ तू बंद ठेवला होतास, हे मला कळलं नाही. मला वाटलं, बिघडला."

"तीन महिने?"

"मला वाटलं, तुला दुरुस्त करता येत नाही."

तन्मयला हसू आवरलं नाही आणि ते एकट्याचं हसू त्या बारीकशा जागेत असं फुटलं, की आधी दत्ताजी हसले, मग श्रीपतराव, मग मी. श्रीपतरावांचं हसू मधेच वेगळं झालं आणि त्यांनी चष्मा काढला. चैत्रा दाराकडे तोंड करून उभी राहिली.

कागदावर सह्या लगेच झाल्या असं मात्र नाही. आधी कुणी सही करायची, यावर पाऊण तास गेला. थोरला म्हणून आधी मी, असं श्रीपतराव म्हणाले. प्लायवूड मी घातलं म्हणून सुरुवात मी करणार, असं दत्ताजी म्हणाले. शेवटी चैत्रानं सुचवलं, की कागद तसाच धरून एकानं डावीकडे आणि एकानं उजवीकडे एकाच वेळी करावी. त्यामुळे दोन्ही सह्या वाकड्या आल्या. मालकांच्या मॅनेजरनं त्या तशाच घेतल्या.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. चैत्राच्या अहवालात एक अख्खं प्रकरण होतं, 'मार्गदर्शकाकडून झालेला गोपनीयतेचा भंग'. तिनं माझं नाव घातलं नव्हतं, पण मार्गदर्शक एकच होती. परीक्षकांनी ते माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "सगळं खरं आहे," मी म्हणाले. दोघांना चाळीसपैकी अडतीस मिळाले. दोन मार्क दर्शिनी निवडल्याबद्दल कापले.

लोक ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, नियम मोडला म्हणूनच मिटलं. मला ते पटत नाही आणि त्याचं कारणही सांगायला हवं. याच्या काही वर्षं आधी होस्टेलमधल्या दोन मैत्रिणींचं असंच बिनसलं होतं. दोघी माझ्याकडे येऊन रडल्या होत्या आणि तेव्हाही मी एकीचं दुसरीला सांगितलं होतं, चांगल्या हेतूनं. त्या दोघी पुन्हा बोलल्या नाहीत. एकीनं कॉलेज बदललं. तेव्हा मला कुणी काटकोनात बसवलं नाही आणि मीही कुणापाशी बोलले नाही. शिवाजीनगरला मी नशीबवान ठरले, एवढंच. फळ्यावरच्या त्या रेघा मी पुढेही ओढत राहिले, पण ओढताना हात पूर्वीसारखा ठाम राहिला नाही. दर वर्षी पोरांना मी दोन्ही गोष्टी सांगत असे, मिटलेली आणि न मिटलेली.

नवी इमारत उभी राहिली तेव्हा मी निवृत्त झाले होते. दुकानाच्या पूजेला दोघं भाऊ घरी येऊन बोलावून गेले. मी गेले. चैत्रा आणि तन्मयही आले होते. नव्या गाळ्यात मधे काहीच नव्हतं. एकच लांब टेबल होतं आणि त्यावर काळी आणि मोटारीची मशीन शेजारीशेजारी.

पूजा आटोपते न आटोपते तोच एक बाई मशीन घेऊन आल्या. दोरा सारखा तुटत होता. श्रीपतराव म्हणाले, सुई उलटी बसवलीय. दत्ताजी म्हणाले, सुईचं काही नाही, ताण बिघडलाय. श्रीपतराव म्हणाले, तुला लांबूनच कळलं? दत्ताजी म्हणाले, तुला जवळून तरी काय कळलं? आवाज चढले. एकानं मशीन आपल्याकडे ओढली, दुसऱ्यानं परत ओढली. समोरचा लेसवाला बघायला आला.

बाई घाबरल्या. त्यातल्या त्यात मी वयानं मोठी आणि रिकामी दिसत होते, म्हणून माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अक्का, तुम्ही तरी काही सांगा ना ह्यांना!"

तन्मय माझ्याकडे बघत होता. चैत्राही.

"छे छे," मी म्हणाले. "चांगलं चाललंय त्यांचं." आणि खुर्ची ओढून घेऊन निवांत कॉफी प्यायले.